सुरगाठीचे कंकण

मालवणच्या किनाऱ्यावर जन्मास आलेल्या मनुष्याचा दोराशी असलेला संबंध इतका निकटचा आहे की, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत त्याचे नाव दाखल होण्यापूर्वीच त्याच्या कमरेला काळा करगोटा दाखल झालेला असतो. पुढे बालपणी गुरांची दावी, तारुण्यात रापणीचे दोर आणि प्रौढपणी विहिरीचा दोर ओढता ओढता त्याच्या तळहातावरच्या भाग्यरेषा पुसट होत जातात. आणि अखेरच्या प्रवासाच्या वेळीही शोकाकुल मंडळींत जो कोणी शुद्धीवर असतो, तो सर्वप्रथम बांबू आणि सुंभ कोठे मिळेल याचीच चौकशी करतो. अशा मुलखात पुढेमागे लोक पैसे मोजून दोर विकत घेतील आणि तो अलंकार म्हणून मनगटावर मिरवतील, असे भाकीत माझ्या तरुणपणी एखाद्या ज्योतिषाने केले असते, तर त्याची योजना मी पंचांगाच्या कामावर न करता दशावतारातल्या संकासुराच्या भूमिकेत केली असती.

परंतु तसे घडले आहे खरे. तारकर्ली-देवबागच्या वाळूत आणि मालवणच्या धक्क्यावर, पर्यटकांना होडीमागच्या छत्रीला टांगून आकाशात उडविणाऱ्या आणि त्याच पर्यटकांना तासाभराने समुद्राच्या तळाचे दर्शन घडविणाऱ्या तरुणांच्या मनगटांवर हल्ली एक जाडजूड, गुंफलेले, बहुधा काळ्या अथवा फौजी हिरव्या रंगाचे कडे दिसू लागले आहे. धक्क्यावर सुके बांगडे विकणाऱ्या एका वृद्धेने अशाच एका तरुणाला मोठ्या भक्तिभावाने विचारले, "कसल्या देवाचो गंडो ह्यो, झिला?" त्यावर तो म्हणाला, "आजये, ह्यां पॅराकॉर्ड." नवसाला पावणाऱ्या दैवतांच्या तिच्या यादीत हे नाव नसावे, तथापि कोणत्याही देवाला दुखवू नये, या धोरणाने तिने दोन्ही हात जोडले.

पॅराकॉर्ड म्हणजे पॅराशूटचा दोर. आमच्या बाजूला पॅराशूट म्हटले की निळ्या बाटलीतले खोबरेल तेलच डोळ्यांपुढे येते, आणि ज्या माडाने तेल दिले त्याच माडाच्या सोडणांपासून दोरही निघतो, हे येथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असल्यामुळे, पॅराशूटचा दोर म्हणजे तेल काढून झाल्यावर त्याच कारखान्यात वळलेला सुंभ, असा समज कोणी करून घेतला तर त्यास दोष देता येणार नाही. वस्तुस्थिती अर्थातच निराळी आहे. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस करॉदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली १९३५ साली नायलॉनचा जन्म झाला आणि १९४० साली त्याचे पायमोजे तेथील बाजारात आले. ते घेण्यासाठी स्त्रियांची झुंबड उडते न उडते तोच महायुद्धाने जपानी रेशमाची वाट बंद केली, आणि सारे नायलॉन लष्कराच्या दिमतीस जाऊन त्याच्या छत्र्या व छत्र्यांचे दोर होऊ लागले. विमानातून उडी टाकलेला शिपाई सुखरूप भूमीवर उतरला की छत्रीचे काम संपत असे. परंतु दोर कापून जवळ ठेवण्याची बुद्धी त्याला झाली, आणि तेवढ्या एका गोष्टीवरून तो शिपाई अमेरिकन असला तरी वृत्तीने कोकणी होता असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १९९७ साली हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीसाठी अंतराळात गेलेल्या मंडळींनीही हाच दोर वापरला. सुमारे चार मिलिमीटर जाडीचा, बाहेर विणलेली नळी आणि आत सात पिळदार धागे असलेला हा दोर साडेपाचशे पौंड, म्हणजे अदमासे अडीचशे किलो, ताण सोसतो अशी त्याची सनद आहे.

एवढा कर्तबगार दोर मनगटावर बांधावयाचा तो कशासाठी, तर ऐन अडचणीत तो हाताशी असावा म्हणून. दोराची गरज पडते तेव्हा तो कधीही घरात सापडत नाही, हा सृष्टीचा नियम आहे. आणि त्या नियमावर मनुष्याने योजलेला हा उतारा आहे. परंतु येथे एक पेच उद्भवतो. बाजारात मिळणारी बहुतेक कडी ज्या विणीची असतात तिला नागाच्या जातीवरून कोब्रा असे नाव असून, ती दिसावयास देखणी आणि सोडावयास केवळ अशक्य असते. एक इंच कड्याला सुमारे एक फूट दोर, या हिशेबाने सात-आठ फूट दोर तिच्यात कोंडलेला असतो. पण तो मोकळा करावयाचा म्हणजे एकेक गाठ नखांनी उकलत बसावे लागते, आणि तेवढ्या अवधीत विहिरीत पडलेले वासरू स्वतःच्या प्रयत्नाने वर येऊन चरावयासही लागलेले असते. म्हणून जाणत्या लोकांनी दुसरा प्रकार काढला. त्यात निरगाठीस मज्जाव आहे. आदीपासून अंतापर्यंत सारी सुरगाठींची साखळी. बिरडे मोकळे करून शेंडा ओढला की सगळा दोर एका दमात हातात येतो.

हा दुसरा प्रकार माझ्या भाचीने आमच्या पडवीत, झोपाळ्याच्या कडीला दोर अडकवून, माझ्या डोळ्यांदेखत तयार केला; सबब त्याची हकीकत मी साक्षीदार या नात्याने देऊ शकतो. दोर मधोमध दुमडावयाचा आणि दुमडीचा फास बिरड्याच्या घरासाठी राखून ठेवावयाचा. त्या फासाखाली एक सुरगाठ घालून तिच्या डोळ्यातून दोराचा पुढचा भाग, शेंडा पार न ओढता, नुसता दुमडून बाहेर काढावयाचा. हा जो नवा डोळा झाला त्यातून पुन्हा पुढची दुमड, आणि तिच्यातून पुन्हा पुढची, असे मनगटाचा वेढा भरेपर्यंत करीत राहावयाचे. शेवटी मात्र दुमड न काढता दोन्ही शेंडे अखेरच्या डोळ्यातून सबंध ओवून घ्यावयाचे, म्हणजे साखळीला कुलूप पडते; सोडताना बिरड्याची गाठ उकलून शेंडे त्याच डोळ्यातून परत काढले की ते उघडते. शेंड्यांची एक गोल गाठ मारली की तिचे बिरडे होते, ते पहिल्या फासात अडकवले की कडे मनगटावर बसते. नायलॉनचे कापलेले टोक उसवू नये म्हणून काडीने जाळून चिमटावे लागते. या क्रियेत जो दुर्गंध सुटतो त्यामुळे स्वयंपाकघरातून 'कढी करपली काय?' अशी पृच्छा झाली. कृती एवढीच. जिला क्रोशाचा साखळी-टाका येतो अशा कोणत्याही आजीला ती न शिकवता येईल. क्लिफर्ड ॲशली याने १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या गाठींच्या कोशात ३,८०० हून अधिक नोंदी आहेत, आणि त्या ढिगाऱ्यात ही साखळीही आपल्या जागी बसलेली आहे.

ज्यांनी क्रोशाची सुई कधी हाती धरली नाही त्यांनी तांदळाच्या पोत्याचे तोंड आठवावे. ती शिवणही हीच साखळी आहे. योग्य टोकाचा योग्य दोरा ओढला तर सबंध तोंड 'सर्र' असा आवाज करीत उघडते आणि ओढणाऱ्याच्या मुद्रेवर, अफझलखानाचा कोथळा आपणच काढला, असे तेज चढते. चुकीच्या टोकास हात घातला तर मात्र प्रत्येक टाका आपल्या शेजाऱ्याला घट्ट मिठी मारतो, आणि विळीवर मान ठेवण्याची पाळी पोत्यावर येते. घरोघरचा अनुभव असा की, योग्य टोक कोणते याविषयी पति-पत्नींत मतभेद असतो, आणि पोते उघडल्यावर ज्याचे मत खरे ठरले तो पक्ष पुढील पोते संपेपर्यंत त्याचा उच्चार करीत राहतो. मनगटावरच्या कड्यालाही हाच कायदा लागू आहे. साखळी सुटते ती ज्या टोकाने संपली त्या टोकाकडूनच. आरंभाकडून ती सुटत नाही. म्हणून भाचीने बिरड्याच्या गाठीतला एक शेंडा बोटभर लांब ठेवला होता. अंधारात, ओल्या हाताने, घाबऱ्या मनुष्यालाही तो चाचपून सापडावा, हा त्यातला हेतू. विणण्याची कला मला सामान्य वाटली. परंतु हा बोटभर शेंडा ठेवण्यात जी दूरदृष्टी आहे, ती मी मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या ठायीही पाहिलेली नाही.

अधिकाऱ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. माझी उमेदीची वर्षे एका कचेरीत दप्तराचे रुमाल बांधण्या-सोडण्यात गेली. सोडण्यात कमी आणि बांधण्यात अधिक. तेथला अलिखित दंडक असा होता की, रुमालाची गाठ निरगाठच असली पाहिजे, कारण सुरगाठ सुटते, रुमाल उघडतो, उघडलेल्या रुमालातून जुना अर्ज बाहेर येतो आणि अर्जाबरोबर अर्जदारही उपस्थित होतो. माझ्या पूर्वीच्या एका अव्वल कारकुनाने बांधलेला एक रुमाल तर पुढे तीन मामलेदारांच्या कारकिर्दीत कोणाच्याने सुटला नाही, आणि त्यातील प्रकरणे आपसूक निकालात निघाली, कारण वादी, प्रतिवादी आणि वादातला फणस हे तिन्ही मधल्या काळात मरून गेले. अशा पाठशाळेत शिकलेल्या मनुष्याला, सुटण्यासाठीच बांधलेली वस्तू पाहून जे नवल वाटते, ते इतरांस वाटणार नाही.

नव्या वस्तूची रुजुवात समुद्राशी जन्म घालवलेल्या मनुष्याकडून व्हावी, या हेतूने आम्ही ते कडे रापणीच्या एका वृद्ध तांडेलाकडे नेले. रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे टाकून त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढावयाचे. तेव्हा दोराच्या बाबतीत या गृहस्थाचे मत म्हणजे हायकोर्टाचा निवाडा. त्याने कडे उलटेसुलटे करून पाहिले.

"चेडवा, ह्यां काय हाताक बांदलंस?"

"आजानू, दोरी असा. धा फूट."

"धा फूट? मगे ती होडयेत ठेवूची. हाताक कित्याक?"

"आणि होडी बुडली तर?"

"होडी बुडली तर धा फूट दोरयेक धरून खय जातलंस? तां रवांदे. ह्यां तरंगता काय, तां आधी सांग."

या प्रश्नाचे उत्तर कोणीही देण्यापूर्वी त्याने कडे पाण्यात टाकले आणि ते तत्काळ तळाशी जाऊन बसले. नायलॉन खाऱ्या पाण्यापेक्षा जड असते. काथ्या तरंगतो, आणि हल्ली होड्यांवर दिसणारा पॉलिप्रॉपिलीनचा दोरही तरंगतो. शिवाय भिजलेल्या नायलॉनचा काही जोर कमी होतो, आणि कोणत्याही दोराला गाठ मारली की गाठीपाशी त्याचे बळ बरेच घटते. सनदेत लिहिलेले साडेपाचशे पौंड हे बिनगाठीच्या, कोऱ्या, सरळ दोराचे असतात. तांडेलाने गुडघाभर पाण्यात जाऊन कडे काढून दिले आणि निकाल सांगितला: "नांगराक बरी असा."

काथ्याविषयी या भागात जो अभिमान आहे तो निराधार नव्हे. नारळाची सोडणे खाडीच्या खाऱ्या चिखलात सहा ते दहा महिने कुजवावी, मग ती झोडावी, धुवावी, धागा पिंजावा, आणि मग त्याला पीळ द्यावा. इतका सावकाश तयार झालेला दोर सोडताना मनुष्य घाई करीत नाही, यात आश्चर्य नाही. वेंगुर्ल्याकडे स्त्रियांनी सहकारी तत्त्वावर हा काथ्याचा उद्योग चालविला आहे. अरबी समुद्रातली जुनी गलबते लोखंडी खिळ्यांऐवजी याच काथ्याने शिवलेली असत. तेराव्या शतकात होर्मुझच्या बंदरात ती पाहून मार्को पोलोने नाके मुरडली, पण हा दोर समुद्राच्या पाण्याने कुजत नाही, एवढे मान्य करणे त्यालाही भाग पडले.

तथापि, उपयोगाची वस्तू अंगावर वागविण्याची कल्पना परदेशातून आली, असे जर कोणी म्हणेल तर त्याला मात्र माझा सक्त विरोध आहे. बागायतीत काम करणाऱ्या गड्याच्या कमरेस आकडी असते आणि आकडीत कोयता. माडावर चढताना त्याच्या पायांत सुंभाचा वेढा असतो, आणि तो वेढा त्याला पन्नास फूट उंचीवर जे अभय देतो ते साडेपाचशे पौंडांच्या सनदेहून कमी नाही. करगोट्याचा मूळ उद्देश लंगोटीस आधार देणे हा असला तरी त्याने पेटीची किल्ली सांभाळली आहे. जानवे हे वेदाधिकाराचे चिन्ह आहे असे धर्मशास्त्र म्हणते, पण ज्यांनी माझ्या पिढीतले भिक्षुक पाहिले आहेत त्यांना ते कोठीची किल्ली आणि दातकोरणे यांचे निवासस्थान म्हणूनच अधिक परिचित आहे. आणि स्त्रियांच्या बांगड्यांत अडकवलेल्या त्या टाचण्या! लग्नाच्या मांडवात एखाद्या मुलीच्या साडीची निरी सुटली, नवरदेवाचे उपरणे घसरले, अथवा आंतरपाट धरणाऱ्याच्या सदऱ्याचे बटण तुटले, की उपस्थित शंभर पुरुष एकमेकांकडे पाहत राहतात आणि एखादी मावशी पुढे होऊन बांगडीतून टाचणी काढून देते. आपत्प्रसंगी हाताशी असलेले कंकण ते हेच. त्याची जाहिरात कोणी केली नाही, आणि टाचणी परत मिळेल अशी अपेक्षाही मावशीने कधी केली नाही. या शेवटच्या मुद्द्याकडे वाचकांचे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो.

श्रावणी पौर्णिमेस सगळ्या महाराष्ट्रात राखीपौर्णिमा असते. मालवणास त्याच दिवशी नारळीपौर्णिमेचा मोठा थाट. बंदरावर दर्यास सोन्याचा मुलामा दिलेला नारळ अर्पण होतो, आणि तोवर काठावर नारळ लढविण्याच्या पैजा रंगतात. त्यांत स्त्रियाही मागे नसतात. त्या दिवशी आमच्या भाचीने आपल्या भावाला जरीची राखी न बांधता हे स्वहस्ते विणलेले कडे बांधले. रक्षणाचा प्रसंग ओढवला तर भावाच्या हाती निदान दोर तरी असावा, असा तिचा युक्तिवाद होता, आणि आजवर पाहिलेल्या भावांचा अनुभव जमेस धरता तो मला पटला. भावाने ओवाळणी घातली. परंतु 'हे तर घरगुती दिसते' असा शेरा मारून, कुरियरने मागविलेले, स्टीलची कडी आणि आत बारीक शिट्टी बसविलेले दुसरे कडे उजव्या मनगटावर कायम ठेवले. घरगुती कडे डाव्या हाती, खरेदीचे उजव्या हाती, असा समेट झाला.

पुढील ज्येष्ठात, मृगाच्या पहिल्या झडीत, एका रात्री वाऱ्याने आमच्या पडवीपुढची ताडपत्री एका कोपऱ्यातून उखडली. तिच्याखाली सरपण, दोन पोती भात, आणि एका पाहुण्याची मोटारसायकल होती. घरात दोर शोधण्यात आला. तो सृष्टिनियमास अनुसरून सापडला नाही. परंतु त्या वेळी पडवीत भाच्याचे चार मित्र मुक्कामास होते, आणि पाचही जणांच्या मनगटांवर मिळून पंचेचाळीस-पन्नास फूट नायलॉन असावे. अशा वेळी वाटते की आता पाच वीर पाच दिशांनी धावतील. तसे झाले नाही. एक म्हणाला, "मामानू, ह्यां कालच बांदलंय." दुसऱ्याचे कोब्रा जातीचे असल्यामुळे ते सोडावयास उजाडले असते. तिसऱ्याने, आपले कडे नुसते शोभेचे आहे, अशी प्रांजळ कबुली दिली. चौथा मोटारसायकलीचा मालक. त्याने आपल्या कड्याकडे पाहिले, मोटारसायकलीकडे पाहिले, आणि 'वारो जरा कमी झालो काय?' असा विचार मांडला. भाच्याने शिट्टी वाजवून पाहिली. ती मात्र उत्तम वाजली.

इतक्यात भाची बाहेर आली, तिने भावाचा डावा हात धरला, बिरडे सोडले, साखळीचे कुलूप काढले, तो लांब ठेवलेला शेंडा ओढला, आणि आपण कित्येक महिन्यांपूर्वी विणलेली ती सबंध साखळी तांदळाच्या पोत्याच्या त्याच सुपरिचित आवाजासह मोकळी करून ताडपत्रीच्या कोपऱ्याला बांधली. सकाळपर्यंत ताडपत्री जागेवर होती. सकाळी मी तिला म्हटले, "इतके श्रम करून केलेले कडे तू सोडलेस, वाईट नाही वाटले?" ती चहा गाळता गाळता म्हणाली, "मामा, परत विणूक कितीसो वेळ लागता?"

या वाक्याने माझ्या कित्येक शंका निकालात निघाल्या. विकत घेतलेला दोर हा अलंकार असतो आणि अलंकार मोडताना मनुष्याचे हात कापतात; ज्याला तो पुन्हा गुंफता येतो त्याला मात्र तो मोडण्याचे भय नसते. ज्याचे कडे नेहमीच मनगटावर दिसते, त्याच्यावर आजवर एकही प्रसंग आला नाही किंवा आलेल्या प्रसंगी त्याने ते सोडले नाही, या दोहोंपैकी एक निष्कर्ष काढावयास हरकत नाही. आणि आमच्या बाजूला १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्यापासून ते पावसाळ्यातल्या घाटरस्त्यापर्यंत प्रसंगांची वाण कधीच नसल्यामुळे, दुसरा निष्कर्षच अधिक संभवनीय आहे.

उपयोग म्हणाल तर त्यांची फेरिस्त मोठी आहे. पावसाळ्यात पडवीत कपडे वाळत घालण्याची दोरी, तुटलेल्या वहाणेचा अंगठा, फाटकाची निखळलेली कडी, मोटारसायकलीचा लोंबणारा धूरनळा, एस.टी.त घसरणारी आंब्याची पेटी. आतले सात धागे वेगळे काढले तर त्यांतल्या एकाला गरी बांधून खडपावर बसून मासे गरवता येतात. लागतीलच याची हमी दोराकडे नाही. दोन गोष्टींना मात्र सक्त मनाई आहे. या दोराला स्वतः लोंबकळू नये, कारण अडीचशे किलोंचा हिशेब स्थिर ओझ्याचा आहे आणि घसरणारा मनुष्य हे स्थिर ओझे नव्हे. आणि नायलॉनची कापलेली टोके समुद्रात टाकू नयेत, कारण ती कुजत नाहीत, आणि वेंगुर्ल्याच्या वायंगणीला अंडी घालावयास येणाऱ्या कासवांना अशा धाग्यांचे कंकण नको आहे.

तेव्हा ज्यांना हे कडे वापरण्याची हौस असेल त्यांनी ते विकत न आणता चार मिलिमीटरचा दोर आणून घरी विणावे, शेंडा बोटभर लांब ठेवावा, आणि पहिल्याच संध्याकाळी ते एकदा पूर्ण ओढून सोडावे व त्यावर ओले पंचे वाळत घालावेत. ज्यांच्याने हे होणार नसेल त्यांनी बाजारातून सुतळीचा एक गुंडा आणून खिशात ठेवावा. तो पुष्कळ स्वस्त पडतो.